सतरा लाभ

पुनमला उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि हीच तिची साडेतीन वर्षांची पंचाईत होती. एखादी गोष्ट माहीत नसली तर माणूस विचारून मोकळं होतं. माहीत असून जवळच्या माणसाला सांगायची नाही, तीही जन्मदात्या आईला, म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरून दर शनिवारी घरी जायचं.

सुरुवात झाली ती हरभरा निघाला त्या दिवसांत. पुनम तेव्हा हिंगोलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. गणिताच्या सरांनी फळ्यावर एकापुढं एक असे सतरा एके लिहिले आणि म्हणाले, हा आकडा कशानं तुटतो का ते पाहा. हातानं कुणाला जमायचं नाही, मोबाईलवर शोधा. पुनमनं होस्टेलवर शोधलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत मोबाईलनं सांगून टाकलं: दोन तुकडे होतात, एक सात आकडी, एक दहा आकडी. पुनमनं ते वहीत उतरवलं आणि विसरली.

शनिवारी ती सिद्धेश्वर धरणाजवळच्या आपल्या गावी आली, तेव्हा आई अंगणात पायलीनं हरभरा मापत बसली होती. सुमनबाई सातवी शिकलेली. घरी थोडं रान आणि शेळ्या. शेळ्या किती, ते त्या घरात कुणी परक्याला सांगत नाही, तेव्हा इथंही न सांगितलेलं बरं. सुमनबाई मापताना म्हणत होती, ‘लाभ, दोन, तीन’. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पुनमनं गंमत म्हणून खडूनं फरशीवर सतरा एके लिहिले.

सुमनबाईनं पायली बाजूला ठेवून ते बोटानं मोजले. "हे तर सतरा लाभ झाले की. काहून लिहिलेस?"

"सरानं दिलं. ह्याला कशानं भाग जातो का पाहायचं. माझ्या मोबाईलवर हाय, सांगू?"

"तोंड उघडू नको," सुमनबाई म्हणाली. "जातो का न्हाई, ते बी सांगू नको. मी पाहते."

पुनमला वाटलं, पाहील दोन दिवस आणि सोडून देईल. पोटच्या पोरीनंही आईला इतकं कमी ओळखावं, याची तिला पुढं लाज वाटली.

दोन दिवसांत सुमनबाईनं तीन, सात, अकरा, तेरा असे सगळे लहान आकडे लावून पाहिले. भाग जाईना. पुढच्या शनिवारी तिनं विचारलं, "सगळ्याच आकड्यांनी पाहत बसू का? काही वाट असंल ना." ही वाट मात्र पुनमनं सरांना विचारून आणली. सतराची दुप्पट चौतीस. सतरा एक्क्यांना ज्या कुठल्या मूळ आकड्यानं भाग जात असेल, त्याला चौतीसनं भागलं तर बाकी एकच राहणार. म्हणजे एका चौतिसात एकच आकडा तपासायचा, बाकीचे तेहतीस सोडून द्यायचे, आणि त्या एकालाही तीन, पाच, सात अशा लहान आकड्यानं भाग जात असेल तर तोही सोडायचा. आणि दुसरं, आकडा तुटत असेल तर त्याचा एक तरी तुकडा दहा कोटी चोपन्न लाखांच्या आतच असणार, कारण दोन्ही त्याच्यावरचे असले तर गुणाकार सतरा एक्क्यांच्या पुढं जातो.

दुसरी गोष्ट सुमनबाईला लगेच पटली. पहिलीवर तिचा विश्वास बसेना. सर म्हणाले म्हणून ऐकणाऱ्यातली ती नाही. तिनं पाच एके घेतले, पाचाची दुप्पट दहा धरली आणि पाच एके तोडून पाहिले. एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. दोघांनाही दहानं भागून बाकी एक. मग सात एके घेतले, चौदा धरले. आठवडाभर बसली आणि दोनशे एकोणचाळीस काढलाच. चौदानं भागला, बाकी एक. तेव्हा म्हणाली, "सर बराबर हायेत तुझे." सरांना हे पुनमनं सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभेच राहिले होते.

आणि मग सुमनबाई जी लागली ती लागली. शेळ्या धरणाच्या पाण्याकडच्या माळावर चरायला सोडायच्या, आपण बाभळीखाली बसायचं, मांडीवर वही. पानाच्या डोक्यावर सतरा एके लिहायचे, खाली चार भागाकार. वरचा एकेक एक खाली ओढायचा, भाग लावायचा, शेवटी बाकी काय ती लिहायची, त्याला चौकट करायची आणि पुढच्या आकड्याला लागायचं. दिवसाला पंधरा-सोळा भागाकार. लग्नकार्य असलं, ताप असला तरी दोन-चार तरी व्हायचेच.

गावानं चेष्टा केली, ती गाव करणारच. ‘सुमनबाईला आकडा लागला’ असं बाया नळावर म्हणायच्या, म्हणजे भूत लागावं तसं. पण सुमनबाईच्या नवऱ्यानं, सटवाजीनं, एक गोष्ट लवकर ओळखली. बायको पूर्वी रोज कशावरून तरी त्याला बोलायची, आता तिला तेवढा वेळ नव्हता. तो बाजारात गेला की जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घेऊन यायचा. दुकानदारानं विचारलं, कितवीला हाय लेकरू, तर म्हणायचा, "लेकरू न्हाई, कारभारीण हाय. सात लाखापर्यंत पाहून झालं." पुढं तो हे न विचारताही सांगायला लागला. औंढ्याच्या चहाच्या टपरीवर त्याला बघून लोकच विचारायचे, "सटवाजी, किती लाख?" आणि तो असा छाती काढून आकडा सांगायचा की नव्या माणसाला वाटावं, याची हळद विकली गेली.

पुनमला आईचा अभिमान वाटायचा, आणि तो ती लपवत नव्हती. वर्गातली पोरं उदाहरण अडलं की कंटाळून मोबाईल काढायची तेव्हा ती मनात म्हणायची, माझी आई बघा. पण तिच्या मनात आणखी एक चालायचं, चोरून. तिला तो आकडा पाठ होता. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. दर शनिवारी घरात पाय ठेवला की ती पहिलं विचारायची, "आई, कुठवर आलं?" आणि मनात वजाबाकी करायची. बी.एस्सी. झालं, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं, आणि दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या शनिवारी सुमनबाई म्हणाली, "वीस लाख एकोणसत्तर हजार." पुनमनं मोजलं. फार तर दोन दिवस. त्या रात्री तिला धड झोप आली नाही. पुढच्या शनिवारी ती हिंगोलीहून पावशेर पेढे घेऊन आली.

घरात पाहते तो सगळी सुतकी तोंडं. त्या आठवड्यात शेळ्यांना ताप आला होता. दोन पिल्लं दगावली होती. सटवाजीनं मसोबाला नवस बोलून एक बोकड देवाच्या नावानं सोडला होता आणि मग बाकीच्या शेळ्या उठल्या होत्या. त्या बोकडाच्या गळ्यात नवी घंटा होती. तो आता देवाचा, घरच्यांच्या मोजणीत धरायचा नाही.

पुनमनं सगळं ऐकून घेतलं आणि भीत भीत विचारलं, "आई, कुठवर आलं?"

"वीस लाख चौऱ्याहत्तर हजार," सुमनबाई म्हणाली. "वंगाळ दिवस व्हते, तरी सोडलं न्हाई मी."

आई पुढं निघून गेली होती. आकडा हाताखालून गेला आणि तिला कळला नाही. पेढे काहून आणलेस, असं सटवाजीनं विचारलं तेव्हा पुनमनं काहीतरी परीक्षेचं सांगितलं.

आई चुलीपाशी गेली तेव्हा पुनमनं वही उघडून घाईनं ते पान काढलं. २०७१७२३. खाली भागाकार, आणि शेवटी चौकटीत बाकी: १. शून्य यायला हवं होतं तिथं एक. कुठं हात चुकला ते पाहायला वेळच मिळाला नाही, आई ताट घेऊन आली आणि पुनमनं वही मिटली.

आता काय करायचं? सांगावं, तर साडेतीन वर्षांचं आईचं काम एका वाक्यात आपलं, नाहीतर मोबाईलचं होऊन जातं. न सांगावं, तर आई चालतच राहणार. दहा कोटी चोपन्न लाखांपर्यंत. पुनमनं हिशेब केला होता, या चालीनं एकशे सत्तर वर्षं. आणि त्या सगळ्या वाटेत तिला काहीही सापडणार नव्हतं, कारण सापडायचं ते मागं राहिलं होतं. आपली आई म्हातारी होऊन त्या बाभळीखाली बसली आहे आणि अजून बाकी काढते आहे, हे पुनमला दिसायला लागलं की वर्गात डोळे भरून यायचे.

न राहवून तिनं सटवाजीला गाठलं आणि सगळं सांगितलं.

"तुला ठाऊक हाय, तिला न्हाई, असंच ना?" तो म्हणाला. "मंग सांगू नको. सांगितलंस तर ती मला काही बोलायची न्हाई, तुला काही बोलायची न्हाई. नुसती वह्या उचलून माळ्यावर टाकील. तेवढं मला पाहवणार न्हाई."

"आणि न्हाई सांगितलं तर?"

"ते बी पाहवंना झालंय," सटवाजी म्हणाला, आणि त्यानं टपरीवर आकडा सांगणं त्या दिवसापासून बंद केलं.

सोयाबीन निघालं. दिवाळीची सुट्टी लागली. पुनम घरी आली ती ठरवूनच, की आता सांगायचं. आई रुसली तर रुसली. तिसऱ्या प्रहरी ती माळावर गेली. पलीकडं पाणी लांबवर पसरलेलं, शेळ्या काठाकाठानं चरत होत्या, देवाच्या बोकडाची घंटा वाजत होती. सुमनबाई बाभळीखाली बसली होती, पण मांडीवर चालू वही नव्हती. एकवीस लाख साठ हजारांची सव्विसावी वही पिशवीतच होती. मांडीवर होती ती पंचविसावी.

"आई, एक सांगायचं हाय."

"न्हाई सांगायचं," सुमनबाई वर न पाहता म्हणाली. "बस तिथं."

पुनम बसली.

"साडेतीन वर्षं दर शनिवारी आली की इचारायचीस, कुठवर आलं. पोळ्यापासून इचारणं सोडलंस. तुझा बाप बी बोलंना. तो गप्प बसायचा माणूस हाय का? मी म्हणलं, हे दोघं काहून असं करून राहिले? मंग माह्या ध्यानात आलं. माझं काहीतरी मागं राहिलं, आणि तुमाला ते ठाऊक हाय." तिनं पान उलटलं. "शेळी चुकली तर फुडं पळून घावत न्हाई. आल्या वाटंनं माघारी जावं लागतं. कालपासून माघारी चालले मी."

पुनमला रडू आलं. "म्हणजे मी न सांगता सांगितलंच की गं. आता ते तुझं कसं राहिलं?"

"काहून न्हाई राहिलं? जनावराच्या तोंडावरून त्याचं दुखणं ओळखते मी. लेकीच्या तोंडावरून येवढं ओळखलं तर ते बी मीच ओळखलं ना? आता उगी बस."

ती एकेक पान बघत मागं येत होती. भागाकार पुन्हा करत नव्हती, नुसती ओळीवरून बोट फिरवत होती. पुनमनं पाण्याकडं तोंड फिरवलं, कारण आता आपल्या तोंडावर काय दिसतं याची तिला खात्री नव्हती. पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"बाकी एक," सुमनबाई म्हणाली. "वीस लाखावरच्या आकड्यानं भागायचं आणि बाकी नेमकी एक? हे मला तवाच कसं खुपलं न्हाई?"

ती भागाकार वरून तपासत आली. एकही गुणाकार चुकला नव्हता, एकही वजाबाकी नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत वजाबाकी करून स्वच्छ शून्य आलेलं होतं. पण वर अजून एक ‘१’ शिल्लक होता, म्हणून तो तिनं खाली ओढला होता, आणि तोच बाकी म्हणून चौकटीत बसला होता. सुमनबाईनं पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि एकेक एक मोजायला लागली. मोजून झाल्यावर परत पहिल्यापासून मोजले.

"अठरा हायेत," ती म्हणाली.

पुनमनं वही ओढून घेतली. खरंच अठरा होते. वीस हजार वेळा भागाकार करणाऱ्या बाईनं एका पानावर एक ‘१’ जास्त लिहिला होता आणि तेही नेमकं ह्या पानावर.

"आई, असं कसं झालं?"

सुमनबाईनं त्या पानावरची तारीख पाहिली आणि कपाळाला हात लावून हसायला लागली. "आगं, बोकड सोडला त्याच दिवसाचं हे. कोंडवाड्याच्या तोंडाशी उभी राहून दिवसभर चारदा शेळ्या मोजल्या मी, कोणती मेली, कोणती ऱ्हायली. देवाचा बोकड म्होरं जातो, त्याला मोजायचं न्हाई. त्याच्या मागच्यापासून लाभ म्हणायचं. तसंच वही घेऊन बसले, आणि पहिला एक देवाचा म्हणून सोडला, मंग फुडं सतरा मोजले." तिनं शेवटचा एक खोडला, त्याच्या खालची ओळही खोडली. आता सगळ्यात खाली शून्य राहिलं. ती त्या शून्याकडं पाहत राहिली. "हाताला लागलेलं सोडून दिलं म्या. देवानं बी काही म्हणलं न्हाई."

मग ती घाई करेल असं पुनमला वाटलं, पण तसं झालं नाही. आधी त्या पानावरचे उरलेले तीन भागाकार तिनं सतरा एक्क्यांनी पुन्हा केले, कारण तेही चुकलेले होते. मगच कोरं पान काढलं. वर भागाकाराचं उत्तर लिहिलं, ५३६३२२२३५७, खाली २०७१७२३, आणि गुणाकार मांडला. बेरीज उजवीकडून सुरू झाली. एक. हातचा धरला, परत एक. परत एक. पुनम गुडघ्यावर येऊन बघत होती. तिला हे साडेतीन वर्षं माहीत होतं, मोबाईलवर बघितलं होतं, पण एकापुढं एक असे एके आईच्या हातातून उतरताना पाहून तिच्या अंगावर काटा आला. सतरावा एक लिहून सुमनबाईनं पेन खाली ठेवलं. हातचा काही उरला नव्हता.

"झालं," पुनम म्हणाली. तिनं आईचा हात धरला. बोटाला पेनचा घट्टा पडलेला होता.

"कुठं झालं?" सुमनबाई म्हणाली. "हा मोठा तुकडा ऱ्हायला की. ह्याला आणखी भाग जातो का, ते कोण सांगंल?"

पुनमचं मन परत धास्तावलं. जात नाही, हे तिला माहीत होतं. मोबाईलनं तेही सांगितलं होतं. म्हणजे आता आणखी किती वर्षं? तिनं तोंड उघडलं, पण सुमनबाई आपल्याशीच बोलत होती.

"ह्याला ज्यानं भाग जाईल, त्यानं सतरा लाभांना बी जाणारच. हा त्यातलाच तुकडा. आणि ह्याचे दोन तुकडे झाले, तर त्यातला एक तरी चौऱ्याहत्तर हजाराच्या आत पाहिजे. चौऱ्याहत्तर गुणिले चौऱ्याहत्तर पाच हजार चारशे शहात्तर, वर सहा शून्यं दे, हा त्याच्यापेक्षा लहान हाय." तिनं वर पाहिलं. "चौऱ्याहत्तर हजारापर्यंतचे सगळे मी पाहिले पुनम. पहिल्याच वहीत. येकानं बी भाग गेला न्हाई. म्हणजे हा तुटत न्हाई. बराबर हाय का?"

पुनम लगेच व्हय म्हणाली नाही. आईच्या कामाला ते शोभलं नसतं. तिनं एम.एस्सी.ला शिकलेलं सगळं आठवून त्या बोलण्यात कुठं भोक आहे का ते शोधलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. सापडलं नाही. तो मोठा तुकडा तुटत नाही हे तिनं मोबाईलवर वाचलं होतं, आणि का तुटत नाही हे विचारायचं साडेतीन वर्षांत तिला एकदाही सुचलं नव्हतं. आणि सातवी शिकलेली आपली आई बाभळीखाली बसून ते सिद्ध करून मोकळी झाली होती, आणि तेही ज्या भागाकारांत काहीच सापडलं नाही म्हणून गाव हसलं, त्याच भागाकारांवर.

"बराबर हाय, आई. एकदम बराबर."

सुमनबाईनं वही मिटली, पदरानं तोंड पुसलं आणि लेकीकडं हात पुढं केला.

"मंग काढ आता तुझा मोबाईल," ती म्हणाली. "त्याला तरी बराबर आलंय का, पाहू."